ॲल्युमिनियमचं हलकेपण आणि आकाराचं गणित

सारख्या लांबीच्या दोन कांबी घ्या. एक पोलादाची, दुसरी ॲल्युमिनियमची. दोन्हींचं वजन अगदी सारखं ठेवा. ॲल्युमिनियम हलका असल्यामुळे त्याची कांब साहजिकच जाड होईल, तिचा छेद पोलादी कांबीच्या जवळपास तिप्पट भरेल. आता दोन्ही कांबी वरून टांगा आणि खाली सारखंच ओझं अडकवा. कोणती जास्त ताणली जाईल?

मोजून पाहिलं, तर दोन्ही जवळजवळ सारख्याच ताणल्या जातात. टायटॅनियमची किंवा मॅग्नेशियमची तितक्याच वजनाची कांब लावली, तरी फरक पाच-सहा टक्क्यांपलीकडे जात नाही. कारण साधं आहे. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम, म्हणजे साधारण एक तृतीयांश. पदार्थ ताणाखाली किती ताठ राहतो हे सांगणारा यंगचा गुणांक पोलादासाठी सुमारे २१० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमसाठी सुमारे ७०. म्हणजे तोही एक तृतीयांश. वजनात जे कमावलं, ते ताठरपणात गमावलं. टायटॅनियम आणि मॅग्नेशियमचे आकडेही याच प्रमाणात उतरत जातात.

मग गेल्या शतकभरात विमानं ॲल्युमिनियमची का झाली? धातूचा गुण एकट्या धातूत नसतो, त्याला दिलेल्या आकारात आणि त्याच्यावर येणाऱ्या भारातही असतो, हे या प्रश्नाचं उत्तर आहे. धातूंच्या वापराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

जाडीचा घन

कांबीऐवजी आता पत्रा घ्या. दोन टोकांना आधार द्या आणि मध्ये भार ठेवा. पत्रा किती वाकेल, हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. म्हणून १ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याइतका ताठ ॲल्युमिनियमचा पत्रा हवा असेल, तर त्याची जाडी तिप्पट करावी लागत नाही. ३ चं घनमूळ, म्हणजे सुमारे १.४४ मिलिमीटर पुरतं. या जाडीच्या ॲल्युमिनियमचं वजन पोलादी पत्र्याच्या निम्मं भरतं.

टांगलेल्या कांबीत काहीच हाती लागलं नाही आणि वाकणाऱ्या पत्र्यात निम्मं वजन वाचलं. दाबाखाली पत्रा चुरगळतो, त्यालाही हाच हिशेब लागू पडतो. विमानाचं कवच, बसची बाजू, रेल्वेच्या डब्याचं छप्पर हे सगळे रुंद, पातळ आणि वाकू-चुरगळू पाहणारे भाग आहेत. तिथे ॲल्युमिनियम जिंकतो. जिथे फक्त ओढ सोसायची असते, उदाहरणार्थ झुलत्या पुलाच्या दोरात, तिथे पोलादाला हलवण्याचं कारण उरत नाही.

सायकलच्या दुकानात हा फरक डोळ्यांना दिसतो. पोलादी सायकलच्या नळ्या सडपातळ असतात, ॲल्युमिनियमच्या सायकलीच्या जाडजूड. वजन तेवढंच ठेवून नळीचा व्यास वाढवला आणि भिंत पातळ केली, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पोलादात हे फार ताणता येत नाही, कारण भिंत इतकी पातळ होते की ठोकर लागताच पोचा पडतो. ॲल्युमिनियमच्या भिंतीला त्याच वजनात जाडी शिल्लक असते.

हवा तो आकार घेण्याची तयारी हाही धातूचा गुणच आहे. ॲल्युमिनियमचा ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवलेला ठोकळा पोलादी डायमधून दाबून काढला, की त्या डायच्या छिद्राचा आकार घेऊन लांबच लांब सेक्शन बाहेर येतो. घरातल्या सरकत्या खिडकीच्या सेक्शनचा आडवा काप कधी निरखून पाहावा. आतल्या पोकळ्या, रबर बसवायची खाच, काच धरायची ओठळी, स्क्रूसाठी ठेवलेली जागा हे सगळं एकाच दाबात तयार झालेलं असतं. पोलादासाठी हीच क्रिया हजार अंशांच्या वर करावी लागते आणि डाय लवकर झिजतात. त्यामुळे पोलाद बहुधा लाटून मिळणाऱ्या अँगल, चॅनेल, बीम अशा ठरलेल्या आकारांत येतं. जिथे आकारात बुद्धी घालायची आहे, तिथे ॲल्युमिनियम इंजिनिअरला जास्त मोकळीक देतो.

मऊ धातू टणक कसा झाला

पृथ्वीच्या कवचात सर्वांत जास्त असलेला धातू ॲल्युमिनियमच. कवचाच्या वजनाचा सुमारे ८ टक्के. पण तो ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसतो, की १८२५मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने तो प्रथम वेगळा काढल्यानंतरही साठेक वर्षं तो मौल्यवान धातूच राहिला. १८८६मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची माहिती नसताना, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडण्याची पद्धत शोधली आणि भाव कोसळला. तरी अडचण होतीच. शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ. साधारण ३० मेगापास्कल ताणाला तो कायमचा वाकतो; बांधकामातलं साधं पोलाद २५० मेगापास्कलपर्यंत दम धरतं.

ही अडचण सुटली १९०६मध्ये, बर्लिनजवळच्या एका संशोधन केंद्रात. आल्फ्रेड विल्म हे धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियमला पोलादासारखं पाणी देता येईल का, हे तपासत होते. सुमारे ४ टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम घातलेली मिश्रधातू त्यांनी ५०० अंशांच्या वर तापवली आणि एकदम थंड केली. शनिवारी घेतलेल्या मापात विशेष काही दिसलं नाही. सोमवारी उरलेलं माप घेतलं, तेव्हा तोच तुकडा बराच टणक झालेला होता. काही न करता, नुसता खोलीत पडून. पुढे ड्यूरेन गावच्या कारखान्याने ही मिश्रधातू ड्युरॅल्युमिन नावाने बाजारात आणली आणि पहिल्या महायुद्धात झेपेलिन वायुनौकांचे सांगाडे तिचे झाले.

असं का होतं, हे कळायला तीस वर्षं गेली. १९३८मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं, की थंड केलेल्या धातूत अडकून पडलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन अगदी सूक्ष्म चकत्या बनवतात. धातू वाकतो, तेव्हा त्याचे अणूंचे थर एकदम घसरत नाहीत. भली मोठी सतरंजी सरकवताना आपण एका कडेला सुरकुती पाडतो आणि ती ढकलत पलीकडे नेतो, तसा धातूच्या स्फटिकातला 'डिस्लोकेशन' नावाचा दोष थराथरातून सरकत जातो. शुद्ध धातूत त्याला अडवणारं काही नसतं. तांब्याच्या त्या चकत्या वाटेत आल्या की तो अडतो, आणि धातू टणक होतो.

या शोधाला एक आधीचा साक्षीदारही आहे. १९०३मध्ये उडालेल्या राइट बंधूंच्या विमानाच्या इंजिनाची क्रँककेस सुमारे ८ टक्के तांबं असलेल्या ओतीव ॲल्युमिनियमची होती. १९९०च्या दशकात तिचा अभ्यास झाला, तेव्हा तिच्यातही अशाच चकत्या सापडल्या. ओतलेला धातू थंड होताना विल्मच्या आधीच ही क्रिया आपोआप घडून गेली होती.

विमानाच्या कारखान्यांत या गुणामुळे एक पद्धत पडली. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तापवून थंड केल्यावर थोडाच वेळ मऊ राहतात, मग आपोआप टणक होतात आणि ठोकताना फुटतात. म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीत अणूंची हालचाल मंदावते आणि रिव्हेट मऊ राहतो. बाहेर काढून ठोकला, की विमानाच्या अंगावरच तो टणक होत जातो.

आज ६०६१ या मिश्रधातूची टी६ म्हणजे उष्णता देऊन टणक केलेली अवस्था सुमारे २७५ मेगापास्कल ताण सोसते, तर जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं असलेली ७०७५ सुमारे ५००. शुद्ध धातूपेक्षा कितीतरी पट जास्त. पण यंगचा गुणांक? तो ७०च्या आसपासच राहतो. बळकटी चकत्या, दोष आणि कण यांच्यावर ठरते. ताठरपणा अणू-अणूंमधल्या बंधांवर ठरतो, आणि दोन-चार टक्के मिश्रणाने ते बंध बदलत नाहीत. एखादा भाग फार वाकतोय म्हणून महागडी, भारी ग्रेड लावली, तर तो तुटायला वेळ लागेल, पण वाकेल तेवढाच. वाकणं कमी करायचं असेल तर आकार बदलायला हवा. उष्णता देऊन मिळवलेली ही बळकटी उष्णतेनेच जाते, हेही ध्यानात ठेवायला हवं. टी६ अवस्थेतला भाग वेल्डिंग केला, की शिवणीलगतचा पट्टा जवळपास निम्मी ताकद गमावून बसतो.

ओतकाम: ॲल्युमिनियम आणि बीड

ओतकामासाठी ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन घालतात. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेलं मिश्रण ५७७ अंशांना वितळतं, पाण्यासारखं वाहतं, साच्याचे कोपरे भरतं आणि थंड होताना कमी आकसतं. पुणे-चाकण पट्ट्यातल्या डाय कास्टिंगच्या कारखान्यांत गाड्यांच्या इंजिनांची, गिअरबॉक्सची कवचं अशाच मिश्रणातून निघतात. पिस्टनही याच घराण्यातला: हलका असल्यामुळे मिनिटाला हजारो वेळा दिशा बदलताना कमी जोर लावतो, आणि ज्वलनाची उष्णता चटकन बाहेर नेतो.

तरी कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत बीड वितळतं आहे आणि वितळत राहील. लेथचा बेड बिडाचाच चांगला, कारण बिडात विखुरलेल्या ग्राफाइटच्या पाकळ्या थरथर शोषून घेतात आणि घर्षणात वंगणाचं काम करतात. तिथे जडपणा उपयोगीच पडतो. ॲल्युमिनियमच्या कित्येक इंजिनांतही पिस्टन ज्या भिंतीवर घासतो, ती लायनर बिडाची असते.

अदृश्य पापुद्रा

ॲल्युमिनियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत येताक्षणी ऑक्साइडने झाकला जातो. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्याला न दिसणारा, पण धातूला घट्ट चिकटलेला असतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, तो सुटत राहतो आणि खालचं लोखंड उघडं पाडतो. ॲल्युमिनियमचा पापुद्रा उलट दार बंद करतो, आणि ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो. ॲनोडायझिंगमध्ये हाच पापुद्रा विजेच्या साहाय्याने हजारो पट जाड करतात आणि त्यात रंगही भरतात.

या पापुद्र्याला मात्र तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही सोसत नाहीत. ओला सिमेंट अल्कधर्मी असतो. खिडकी बसवताना फ्रेमवर पडलेला गिलावा वेळीच पुसला नाही, तर कायमचा डाग राहतो, तो यामुळेच. जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी तासन्‌तास ठेवू नये, यालाही हेच कारण. पारा तर या पापुद्र्याचा मोठा वैरी. ओरखड्यातून पारा धातूपर्यंत पोहोचला, की तो ॲल्युमिनियमशी मिसळतो, पापुद्रा चिकटू देत नाही आणि धातू पोखरला जातो. विमानात पाऱ्याची उपकरणं नेण्यावर कडक निर्बंध असतात, ते याच धास्तीने.

वेल्डरची गाठ याच पापुद्र्याशी पडते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो, पण त्याचं ऑक्साइड वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं. आतला धातू पातळ झाला तरी वरची कातडी तशीच राहते आणि दोन कडा एकजीव होत नाहीत. शिवाय हा धातू वितळण्याआधी लालभडक होत नाही. पोलादावर हात बसलेल्या कारागिराला रंगाची सूचना मिळत नाही आणि तुकडा अचानक ढासळतो. म्हणून हे काम आर्गन वेल्डिंगने करतात. आर्गन वायू हवेला दूर ठेवतो, आणि एसी करंटच्या एका अर्ध्या फेरीत पापुद्रा फुटून साफ होतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातू वितळतो.

डोक्यावरून जाणारी तार

वीज वाहण्यात तांबं ॲल्युमिनियमच्या पुढे आहे. त्याच आकाराच्या तारेत ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहतो. पण तितकीच वीज नेणारी ॲल्युमिनियमची तार थोडी जाड केली, तरी तिचं वजन तांब्याच्या तारेच्या निम्मं भरतं. मनोऱ्यांवर टांगलेल्या तारेत वजनाला किंमत असते: तार हलकी, तर मनोरे कमी आणि बारीक. वाढलेला व्यासही अतिउच्च दाबाला फायद्याचाच ठरतो, कारण जाड तारेभोवतीच्या हवेत वीज कमी गळते.

नुसत्या ॲल्युमिनियमला एवढ्या लांब अंतरावर स्वतःला तोलून धरण्याची ताकद नसते. म्हणून मध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा आणि भोवती ॲल्युमिनियमच्या तारा पिळून एसीएसआर कंडक्टर तयार करतात. त्यांना प्राण्यांची नावं आहेत आणि लाइनमन ती रोज वापरतात: रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. रॅबिटमध्ये ॲल्युमिनियमच्या ६ आणि पोलादाची १ तार. ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर वापरल्या जाणाऱ्या मूसमध्ये ॲल्युमिनियमच्या ५४ आणि पोलादाच्या ७, प्रत्येकी ३.५३ मिलिमीटर व्यासाच्या. ओढ सोसायची ती मुख्यतः पोलादाने, वीज वाहायची ती ॲल्युमिनियमने. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे सोपवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचित सापडेल.

घराच्या वायरिंगमध्ये मात्र तांबंच हवं. पाइपमध्ये जागा थोडी असते, आणि खरा धोका जोडात असतो. स्क्रूखाली दाबलेला ॲल्युमिनियम कायम दाबाखाली हळूहळू पसरतो. गरम-थंड होताना तो पोलादाच्या दुप्पट फुगतो-आकसतो. जोड सैल होतो, तिथे ऑक्साइड वाढतं, ते वीज वाहू देत नाही, जोड तापतो आणि आणखी सैल होतो. १९६० आणि ७०च्या दशकांत अमेरिकेत घराघरांत ॲल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या आणि अशा जोडांमुळे आगी लागल्या. आपल्याकडे ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडताना बायमेटॅलिक लग लावून नीट क्रिंपिंग करण्याचा आग्रह धरतात, तो यासाठीच. तार पिळून टेप गुंडाळणं हा त्याला पर्याय नाही.

दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले, की आपोआप विजेचा घट तयार होतो आणि जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं कवच तांब्याच्या पातळ पत्र्यांचं आहे आणि आतला मूळ सांगाडा लोखंडाचा, गुस्ताव्ह आयफेलच्या रचनेचा. दोन्हींच्या मध्ये शेलॅक लावलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. समुद्राच्या दमट हवेत ते निकामी झालं, तांब्याला टेकलेल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि रिव्हेट उपटले गेले. १९८६च्या शताब्दीआधी झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आणि मध्ये टेफ्लॉन आलं. किनाऱ्यावरच्या घरात ॲल्युमिनियमच्या फ्रेमला साधे लोखंडी किंवा पितळी स्क्रू मारू नयेत, हा त्यातूनच निघणारा घरगुती नियम.

थकवा आणि उष्णता

एकदा लावलेला भार सहज सोसणारा धातू तोच भार लाखो वेळा आला की तुटतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे पद्धतशीर दाखवलं. साध्या पोलादाला एक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला, तरी व्यवहारात ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण लहान असेल तर आयुष्य वाढतं, पण मोजणी कधी थांबत नाही.

ही मोजणी जगाने फार मोठी किंमत देऊन शिकली. कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानाचे १९५४मध्ये जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दोन अपघात झाले. विमानं हवेतच फुटली. ब्रिटनमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात वारंवार दाब भरला आणि सोडला. प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतली आवर्तनं मिळून ३ हजारांच्या आसपास पोहोचल्यावर एका खिडकीच्या कोपऱ्यापासून कवच फाटलं. कोपऱ्याशी ताण एकवटत होता आणि प्रत्येक उड्डाण त्यात एक भर घालत होतं. त्यानंतर जगभर विमानांची उड्डाणं मोजून तपासण्या ठरवायची आणि भेग पडलीच तर ती पुढे सरकण्याआधी सापडली पाहिजे, अशी रचना करायची शिस्त घट्ट झाली. आज आपण निर्धास्तपणे विमानात बसतो, त्यामागे त्या टाकीत केलेली मोजणी आहे.

उष्णता ही दुसरी सीमा. साधारण १५० अंशांच्या पुढे विल्मच्या त्या चकत्या मोठ्या आणि विरळ होऊ लागतात आणि बळकटी उतरते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं कॉन्कॉर्ड खास उष्णता सोसणाऱ्या ॲल्युमिनियमचं होतं, आणि त्याच्या वेगाला मर्यादा घातली ती कवच तापण्याने. तिपटीहून अधिक वेगाने उडणाऱ्या अमेरिकेच्या एसआर-७१साठी टायटॅनियमकडे जावं लागलं. टायटॅनियम ४५० अंशांच्या आसपासही दम धरतो आणि समुद्राच्या पाण्यातही गंजत नाही. पण तो महाग आहे, आणि कापताना उष्णता वाहून नेत नसल्यामुळे हत्याराचं टोक जाळतो.

एका रॉकेटमधले चार धातू

१४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ हे रॉकेट धातूंच्या निवडीचा उत्तम धडा आहे. त्याच्या दोन बाजूंना घन इंधनाचे एस२०० बूस्टर असतात. जळणाऱ्या इंधनाचा प्रचंड दाब आतून बाहेर येतो, म्हणजे भिंतीवर निव्वळ ओढ. आपली सुरुवातीची टांगलेली कांब तीच. तिथे हलक्या धातूचा फायदा नसतो. वजनाच्या मानाने बळकटी हवी. म्हणून ही कवचं १८ टक्के निकेल असलेल्या मॅरेजिंग पोलादाची असतात, जे सुमारे १७०० मेगापास्कल ताण सोसतं. त्यांचे ३.२ मीटर व्यासाचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले आहेत.

द्रव हायड्रोजन उणे २५३ आणि द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर ठेवायचा असतो. त्या टाक्यांत दाब कमी असतो, भिंत पातळ असते आणि भीती असते ती चुरगळण्याची व थंडीने ठिसूळ होण्याची. साधं पोलाद इतक्या थंडीत काचेगत फुटतं. ॲल्युमिनियमच्या अणूंची मांडणी अशी आहे की तो थंडीत ठिसूळ होत नाही, उलट थोडा बळकटच होतो. म्हणून तिथे तांबं असलेली, वेल्डिंगला सोयीची २२१९ ही मिश्रधातू वापरतात. हेलियम अतिउच्च दाबाने भरून ठेवायच्या गोल बाटल्या टायटॅनियमच्या. आणि क्रायोजेनिक इंजिनाच्या ज्वलनकक्षाची आतली भिंत तांब्याच्या मिश्रधातूची. ज्वाला ३००० अंशांच्या घरात, तांबं वितळतं १०८५ला. तरी तांबंच, कारण ते उष्णता इतक्या वेगाने मागे वाहणाऱ्या थंड हायड्रोजनकडे सोपवतं की स्वतः वितळायला वेळच मिळत नाही.

चार धातू, आणि एकाच्याही जागी दुसरा चालणार नाही. सर्वांत मजबूत धातू कोणता, असं विद्यार्थी विचारतात. भार कसा येणार, किती वेळा येणार, किती तापणार किंवा गारठणार, शेजारी कोण असणार आणि आकार कोणता देता येणार, या पाच प्रश्नांची उत्तरं आधी मांडली, की धातू बहुतेक वेळा आपणच पुढे येतो.

सहावा प्रश्न

यात सहावा प्रश्न मी आग्रहाने घालेन: हा भाग पुढे सुटा कसा होणार?

एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण दोन टन ॲल्युमिना आणि चार ते पाच टन बॉक्साइट लागतं. बॉक्साइट आपल्याला परकं नाही. दख्खनच्या बसाल्टवर पावसाने लाखो वर्षं काम करून सिलिका धुऊन नेली, तेव्हा कोकणातला जांभा झाला आणि कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइट साचलं. हेच सडे दुर्मीळ वनस्पतींचंही घर आहेत. पुढे शुद्धीकरणात लाल चिखलाचा ढीग उरतो, आणि भट्टीत दर किलो ॲल्युमिनियममागे १३ ते १५ युनिट वीज जाते. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराला जवळपास दहा वर्षं पुरेल एवढी वीज एका टनात साठलेली असते.

भंगार वितळवून तोच धातू पुन्हा मिळवायला यातली फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. पण त्यात एक मेख आहे. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन फुंकून कार्बन, सिलिकॉन जाळून टाकता येतात. ॲल्युमिनियममध्ये ते चालत नाही, कारण ऑक्सिजन आला की पहिला जळतो तो ॲल्युमिनियमच. त्यात मिसळलेलं लोखंड काढणं जवळपास अशक्य. ते ठिसूळ सुयांच्या रूपात धातूत राहतं आणि त्याची ताकद खातं. पोलादाच्या भंगारात हाच त्रास तांबं देतं. मोटारीतली वायर पोलादासोबत वितळली, तर ते पोलाद गरम लाटताना चिरतं.

म्हणजे ॲल्युमिनियमच्या कवचात राहिलेला पोलादी स्क्रू आणि पोलादी पेटीत राहिलेली तांब्याची वायर दोन्हीकडचा धातू खालच्या दर्जाला नेतात. विमानाचा पत्रा मग पुन्हा विमानाचा पत्रा होत नाही; त्याचं जाडंभरडं ओतीव काम होतं. नागपूरला १९८९मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रासारख्या संस्था पुनर्वापराच्या अशा प्रश्नांवर काम करतात. भंगाराच्या दुकानात चुंबक घेऊन वेगवेगळे ढीग लावणारा माणूसही तेच काम रोज करत असतो. पण त्याचं काम सोपं किंवा अशक्य होतं ते कित्येक वर्षं आधी, ड्रॉइंग बोर्डावर. जिथे स्क्रूने भागत असेल तिथे चिकटवू नये, जिथे एकच मिश्रधातू पुरेल तिथे तीन वापरू नयेत, आणि भागावर ग्रेडचा ठसा उमटवावा. एवढं जरी प्रत्येक डिझायनरने पाळलं, तरी डोंगरातून एकदा काढलेला हा धातू पिढ्यान्‌पिढ्या पुरेल, आणि आपल्या तरुण इंजिनिअरांकडून मी एवढ्या काळजीची अपेक्षा नक्की ठेवतो.